हत्तीची गाडी आली की बसायचं

मी माझ्या सासूबाईंचा पाठलाग केला, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याच्या, म्हणजे रोहनच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तो फार तिखटमीठ लावून सांगतो.

कारण तसं साधं होतं. चार वर्षं घरी काढल्यावर मला नोकरी मिळत होती. खराडीतली कंपनी, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम. म्हणजे माझ्या मुलीच्या, विशूच्या जन्माआधी करत होते तेच: दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. हो की नाही ते शुक्रवारी दुपारी चारपर्यंत कळवायचं होतं. सगळं जुळत होतं, एक गोष्ट सोडून. विशूची बालवाडी बारा वाजता सुटते, आणि बारा वाजता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला असणार.

राहतो वारजेला आणि बालवाडी कर्वे रस्त्यावर, हे कसं, असं सगळे विचारतात. मी सतरा बालवाड्या पाहिल्या होत्या. फाटकाला लहान मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर कडी असलेली ही एकच होती. रोहन सकाळी ऑफिसला जाता जाता विशूला सोडतो. आणायचं काम माझं, मेट्रोने.

"मी आणतो न तिले," आई म्हणाल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, कांताबाई. दिवाळीत हिंगणघाटहून आल्या आणि नातीसाठी राहिल्या.

"आई, तुम्हाला इथले रस्ते माहीत नाहीत."

"मेट्रोनं आणतो न. मेट्रोले कुठं रस्ता लागते?"

रोहन हसला. त्याचा त्याच्या आईवर फार विश्वास. दर वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर आई गल्लीतली वीस माणसं रेल्वेनं घेऊन जायच्या आणि त्या गर्दीतून वीसच्या वीस परत आणायच्या, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. एके वर्षी एकवीस आणली होती म्हणे. एक म्हातारा भलत्याच गावचा निघाला. मग त्याला पुलगावला पोचवून आल्या.

पण त्या विसांत माझी विशू नव्हती.

मेट्रोत चुकण्यासारखं खरं तर एकच आहे. गरवारे कॉलेजला चढायचं, चौथं स्टेशन वनाझ, तिथे गाडी संपतेच. उतरायचं आणि रिक्षा करायची. फक्त गरवारेला फलाट दोन आहेत. एकावरून वनाझ, समोरच्यावरून उलटीकडे रामवाडी. गाड्या दोन्हीकडे सारख्याच. पाट्या लावलेल्या आहेत, पण आईंचा चष्मा घरी राहणार, हे मी गृहीतच धरलं होतं. मग त्यांनी गाडी ओळखायची कशी?

यावर मी उपाय शोधला. हत्ती.

जानेवारीपासून आमच्या मार्गावरची एक गाडी गादीच्या जाहिरातीनं अंगभर रंगवलेली होती. नाकापासून शेपटापर्यंत पिवळीधमक, आणि खिडक्यांखाली ओळीनं झोपलेले निळे हत्ती. वर मोठ्या अक्षरांत, 'ऐरावत गाद्या. हत्ती झोपला तरी दबत नाहीत.' विशूला ती गाडी इतकी आवडायची की साधी गाडी आली की तोंड वाकडं करायची, आणि हत्ती आले की फलाटावरच नाचायची. मी सव्वाबाराच्या सुमाराला कुठली गाडी येते त्याची मोबाईलमध्ये नोंद ठेवली. अकरा दिवस. त्यांतले नऊ दिवस हत्तीच. म्हणजे आकडेवारी माझ्या बाजूने होती. चष्मा नसला तरी पिवळा हत्ती कुणालाही दिसतो.

मग मी एक कार्ड बनवलं. मोठा टाइप, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन. त्यात विशूचा हात सोडायचा नाही, सरकत्या जिन्यावर तिला कडेवर घ्यायचं, पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहायचं, असं सगळं होतं. तीन नंबरला ठळक अक्षरांत: हत्तीची गाडी आली की बसायचं. आणि पाच नंबरला त्याहून ठळक: अनोळखी माणसाला काहीही विचारायचं नाही. हा पाच नंबर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. आईंना कुणाशीही बोलायची सवय. दूधवाल्याच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे झालं, हे आमच्या सोसायटीत फक्त आईंना माहीत आहे.

आईंनी कार्ड हातभर लांब धरून वाचलं. मग दोन बोटांत धरून वारा घेतला.

"चांगलं टणक आहे," म्हणाल्या.

"आई, हे पाठ करा. शुक्रवारी तुम्ही एकट्या तिला आणणार. ते नीट जमलं तर मी चार वाजता हो म्हणून कळवते."

"अन् नाही जमलं तं?"

"तर नाही म्हणून कळवते."

आईंनी वारा घेणं थांबवलं. "म्हंजे परीक्षा माही अन् निकाल तुहा," एवढंच म्हणाल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

आता आणखी एक सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट अर्धीच कळेल. त्याच आठवड्यात एकदा फलाटावर विशू म्हणाली होती, "आई, हत्ती तिकडं पण जातो." मी कंपनीचा मेल वाचत होते. "हो का?" म्हटलं आणि वाचत राहिले. माझ्या पावणेचार वर्षांच्या मुलीने माझ्या योजनेतली खोट, आमच्या भाषेत बग, दाखवला होता आणि मी तो न बघताच बंद केला. ऑफिसमध्ये असं कुणी केलं असतं तर मी त्याला सोडला नसता.

शुक्रवार आला. मी घरी सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडे जाते. पावणेबाराला बालवाडीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभी राहिले. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल. पुण्यात यात वावगं काही नाही. स्कूटरवरच्या निम्म्या बायका अशाच असतात, त्यांना त्यांची सख्खी भावंडं ओळखत नाहीत.

"झेरॉक्स किती?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, मी थांबलेय."

"थांबायचं असेल तर बसस्टॉप पुढे आहे."

शेवटी मी माझ्या आधार कार्डाच्या सहा प्रती काढून घेतल्या.

बारा वाजता फाटक उघडलं. आई विशूचा हात धरून बाहेर आल्या. हात घट्ट धरला होता, ते मी पाहिलं. दहा पावलांवर त्या थांबल्या आणि नारळपाणीवाल्याशी बोलल्या. पाच नंबर मोडला. पुढच्या कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या बाईशी बोलल्या. तिने हात लांब करून स्टेशन दाखवलं, जे समोरच दिसत होतं. पाच नंबर पुन्हा मोडला. मी मनात खुणा करत होते. विशू मध्येच खाली बसून चपलेतला खडा काढायला लागली, तर आई रस्त्याच्या बाजूला आडव्या उभ्या राहिल्या, रिक्षा त्यांना वळसा घालून गेली. हे मात्र माझ्या कार्डात नव्हतं. मला सुचलंच नव्हतं.

त्या स्टेशनात शिरल्या. मी वीसेक पावलं मागे. त्या तपासणीतून आत गेल्या आणि मी तिथे अडकले.

"मॅडम, गॉगल काढा. स्कार्फ पण," तपासणीवरची मुलगी म्हणाली.

"घाई आहे हो."

"घाई सगळ्यांनाच असते. चेहरा दाखवा."

मी दोन्ही काढलं. तिने माझ्या पिशवीत बघितलं. आधार कार्डाच्या सहा प्रती बघून ती जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिकिटाला रांग. पुढचा मुलगा मोबाईलवरून तिकीट काढायचं सोडून मोबाईललाच दोष देत होता. मी तिकीट घेऊन आत आले तेव्हा आई आणि विशू कुठेच नव्हत्या.

आणि तेवढ्यात वरून गाडी आल्याचा आवाज झाला. मान वर करून बघते तर जिन्याच्या फटीतून पिवळं दिसलं. पिवळं, आणि एक निळा कान.

हत्ती! म्हणजे वनाझ. म्हणजे आई आत्ता विशूला घेऊन चढत असणार. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. कुठला जिना, ते बघितलंच नाही. हत्ती दिसत होता ना, मग पाटी कशाला वाचायची? दारं बंद होता होता आत घुसले आणि समोरच्या बंद दाराच्या काचेला जाऊन टेकले.

गाडी हलली. काचेतून पलीकडचा फलाट दिसत होता. तिथल्या बाकावर आई बसल्या होत्या. शेजारी विशू बाकावर उभी, आईंनी तिला कमरेला धरलेलं. आणि विशू माझ्या गाडीकडे बघून दोन्ही हात हलवत होती. हत्तींना टाटा करत होती.

बघता बघता ती मागे गेली.

शेजारच्या सीटवर एक आजोबा पेपरची चौकोनी घडी करून शब्दकोडं सोडवत होते. "अहो, ही गाडी वनाझला जाते ना?" मी विचारलं. आवाज जरा चढाच निघाला.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जाते. आधी रामवाडीला जाऊन, मग."

"पण ही हत्तीची गाडी आहे!"

"हत्तीची असली म्हणून कुठे जायचं ते हत्ती ठरवत नाही. पुढे ड्रायव्हर असतो." त्यांनी पेन्सिलीने माझ्या डोक्यावरची पाटी दाखवली. "तिथे लिहिलंय. मराठीतही आहे. शोभेला नाही लावलेली."

मी पाटी वाचली. रामवाडी. इतकी स्वच्छ अक्षरं होती की मला लाज वाटली.

आणि मग खरी भीती वाटली. मी चुकले ते जाऊ दे. पण आईंच्या हातात माझं कार्ड होतं. हत्तीची गाडी आली की बसायचं. आणि हत्ती तर मला घेऊन रामवाडीला चालला होता. तिकडून फिरून परत यायला त्याला तासभर लागणार. साध्या गाड्या समोरून जाणार आणि आई माझा शब्द पाळून विशूला धरून तिथेच बसून राहणार. विशूला भूक लागणार, ती पळणार, रुळाकडे... किंवा समजा आईंना हा हत्ती समोर दिसला म्हणून त्या तिला घेऊन जिना उतरल्या आणि पलीकडच्या फलाटावर गेल्या, तर? कार्डात फलाटाचा उल्लेखच नव्हता. माझी टेस्टच चुकीची होती.

फोन लावला. वाजत राहिला. आईंचा फोन पिशवीच्या तळाशी असतो, त्यावर खाऊचा डबा, त्यावर पाण्याची बाटली, त्यावर विशूचं जर्किन. पुन्हा लावला. डेक्कन येईपर्यंत चार वेळा लावला.

डेक्कनला उतरले, खाली धावले, पलीकडच्या बाजूने वर चढले. वनाझची साधी गाडी तीन मिनिटांत आली. दारातच उभी राहिले, आणखी तीनदा फोन लावला. गरवारेला दार उघडल्याबरोबर उडी मारून उतरले.

बाक रिकामा होता.

या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. कॉलेजची चारसहा मुलं, एक पिशवीवाले गृहस्थ, बस. गाडी निघून गेली. मी त्या बाकावर बसले.

"मॅडम, तुम्ही दीपाली का?"

फलाटावरचा गार्ड होता. पोरसवदा, नवी मिशी. त्याच्या हातात माझं कार्ड होतं. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेलं.

"कुठे आहेत त्या? माझी मुलगी..."

"आजी ना? गेल्या की. आत्ता पोचल्या असतील वनाझला." तो एकदम घरच्यासारखा बोलायला लागला. "आमच्याच भागातल्या निघाल्या त्या. मी वणीचा. तुमच्या आजेसासूचं माहेर वणीचं आहे, तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली होती.

"त्या गेल्या कशा पण? हत्तीची गाडी तर..."

"त्यांनी मला विचारलं, वनाझ कुठून? मी सांगितलं, इथूनच. मग माझ्यासमोरच त्या मुलीलाही विचारलं." त्याने लांब उभ्या असलेल्या, कानात वायर घातलेल्या मुलीकडे बोट केलं. "मी म्हटलं, आजी, माझ्यावर भरवसा नाही का? तर म्हणे, भरवसा आहे रे बाबू, पण एक माणूस चुकू शकते. ओळखपाळख नसलेले दोन जण एकच सांगतात तवा ते खरं."

हे वाक्य मी ऑफिसमध्ये नव्या पोरांना इंग्रजीत शिकवायचे. शिकवायला अर्धा दिवस लागायचा आणि वर चहा.

"आणि हे कार्ड?"

"ते त्यांनी तुमच्यासाठी ठेवलंय. म्हणाल्या, एक बाई धावत येईल, घाबरलेली असेल, तिले दे." तो हसू दाबत होता, पण दाबलं जात नव्हतं. "आणि निरोप दिलाय, की हत्तीच्या गाडीत बसत नको जाऊ म्हणा."

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"सात डाव फोन केला तू? आम्ही वनाझले पोचलो. बसलो आहो. विशूनं अर्धा लाडू खाल्ला."

"आई, तुम्हाला कसं कळलं की मी..."

"विशूनंच दाखवलं न. आई हत्तीत बसून चालली म्हणे, टाटा करून राह्यली होती तुले." म्हणजे तो टाटा हत्तींना नव्हता. तपासणीत काढलेला स्कार्फ मी परत बांधलाच नव्हता. "अन् मले तं बालवाडीपाशीच दिसली तू. झेरॉक्सच्या दुकानात गॉगल लावून कोणी उभं राह्यते का, बाई?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडं चालली, कायले उशीर करा."

मी गॉगल पिशवीच्या तळाशी ढकलला.

"आता तिथंच उभी राह्य," आई म्हणाल्या. "गाडी येईन तवा दोघाले विचारून बस. एकाले नको."

समोर पाटी होती. वनाझ, बाणासकट. तरी मी आधी गार्डला विचारलं आणि मग त्या वायरवाल्या मुलीला. तिने एका कानातली वायर काढली. "वनाझच. आज सगळे मलाच का विचारतायत?" म्हणाली आणि वायर परत घातली.

दोघांचं जुळलं. मी बसले.

वनाझला जिन्यापाशीच्या बाकावर दोघी होत्या. विशूच्या तोंडाला लाडू, आईंच्या मांडीवर तिची पिशवी, हात विशूच्या दंडाला. तिथे एवढी जागा होती तरी हात सोडलेला नव्हता. मी विशूला उचलून इतकी घट्ट धरली की ती "लाडू चिरडतोय" म्हणून ओरडली.

"आई, हत्तीच्या आत काय असतं?" तिने विचारलं.

"आत? काही नाही गं. आपली साधी गाडीच असते."

"मग बाहेरून हत्ती कशाला?"

"गाद्या खपायले," आई म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. कार्ड माझ्या हातात होतं. तीन नंबर आणि पाच नंबर शेजारी शेजारी नव्हते, पण आता तेवढे दोनच डोळ्यांपुढे येत होते. आईंनी ते माझ्याकडून घेतलं आणि विशूच्या मानेवर वारा घालायला लागल्या.

"आई, मग सोमवारपासून..." मी सुरुवात केली, पण पुढचं नीट जमेना. माफी मागायची होती की विचारायचं होतं, ते माझं मलाच कळत नव्हतं.

"आणीन न मी रोज," त्या म्हणाल्या. "त्यात काय एवढं. पण तू मांगं मांगं येत नको जाऊ. एकाच टायमाले दोघीले सांभाळनं नाही होत माह्याच्यानं."

मी मोबाईल काढला. एक वाजायला आला होता. चारपर्यंत थांबायची गरज नव्हती. 'सोमवारी रुजू होते,' एवढंच लिहिलं. पाठवायच्या आधी, सवयीप्रमाणे, दोनदा वाचलं. मग मोबाईल आईंपुढे धरला. चष्मा त्यांच्याकडे होता. पिशवीतच होता, खाऊच्या डब्याशेजारी. तो त्यांनी लावला, ओठ हलवत वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. धाड."